चौकटीतल्या चौघी

आमच्या खोलीत हल्ली भांडण सुरू झालं की भांडणाऱ्या दोघी आधी माझ्याकडे बघतात. माझ्या हातात पेन्सिल दिसली की भांडणाचा दर्जा एकदम सुधारतो. एरवी "तुझा टॉवेल उचल" एवढ्यावर मिटणारं प्रकरण मुद्देसूद होतं, त्यात मागच्या सेमिस्टरचा इतिहास येतो, हातवारे येतात आणि ऐन रंगात एखादी थांबून विचारते, "हे काढणारेस का? मग थांब, केस बांधते."

मी काढते ती चित्रमालिका. चार चौकटींची, मोबाइलवर वाचायची. आठवड्यातून दोनदा येते असं मी तिच्या माथ्यावर लिहिलंय, महिन्यातून दोनदा येते असं वाचणारे म्हणतात. विषय आमची खोली. म्हणजे पुण्यात, सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहणाऱ्या चार मुली. ज्यांना कॉट बेसिस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. यात खोली भाड्याने मिळत नाही, कॉट मिळते. कॉटच्या वरची हवा आणि कॉटखालची बॅगेपुरती जागा तुमची. उरलेली खोली मालकीणबाईंची, आणि ती जागेवर आहे ना हे बघायला त्या अधूनमधून येतात.

चौघींना आईवडिलांनी ठेवलेली नावं आहेत, पण ती कॉलेजच्या हजेरीत आणि कुरिअरवाल्याच्या तोंडी. खोलीत गावाच्या नावानेच हाक. कोल्हापूर, वर्धा, परभणी आणि मी नाशिक. त्यामुळे "परभणीत अजून जाग नाही", "कोल्हापूरने वर्ध्याचा शाम्पू संपवला" अशी वाक्यं आमच्याकडे रोज होतात. खालच्या मजल्यावरचे आजोबा सुरुवातीला ती प्रादेशिक बातम्या समजून ऐकत असत.

चार मुली एका खोलीत म्हटल्यावर विनोद आपोआप होणार, तुला फक्त उतरवून घ्यायचाय, असं मला सगळे सांगतात. सांगणाऱ्यांपैकी कुणीही चौघांबरोबर एका खोलीत आणि एका गीझरवर दिवस काढलेले नसतात.

या कामाला मोठी परंपरा आहे, हे मी खोलीला आधीच पटवून दिलं होतं. अमेरिकेत येल विद्यापीठात शिकणाऱ्या गॅरी ट्रुडोने १९६८ साली कॉलेजच्या वर्तमानपत्रात चित्रमालिका सुरू केली. १९७० साली तीच 'डून्सबरी' नावाने मोठ्या वर्तमानपत्रांत गेली, आणि पहिल्या दिवशीचा विषय काय, तर कॉलेजच्या खोलीत नवा रूममेट कसा निघतो. पाच वर्षांनी त्याला पुलित्झर मिळालं. आणि नावातलं शेवटचं 'बरी' कुठून आलं, तर त्याच्या पिल्सबरी आडनावाच्या खऱ्याखुऱ्या रूममेटकडून.

हे सगळं मी सांगितलं ते खोलीत कलेविषयी थोडा आदर निर्माण व्हावा म्हणून. खोलीने वेगळंच ऐकलं.

"म्हणजे नावात रूममेटचा हिस्सा असतो," परभणी म्हणाली. ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"आन् बक्षिसात?" वर्ध्याने विचारलं.

मग नावासाठी बैठक बसली. चारही गावांचं पहिलं अक्षर घ्यायचं असं ठरलं, तेव्हा 'कोवपना' असं काहीतरी निघालं. "हे तर खोकल्याचं औषध वाटायलंय," परभणी म्हणाली. अक्षरं फिरवून पाहिली तर बुरशीनाशक झालं. शेवटी कुणालाच हिस्सा मिळणार नाही एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत होऊन मालिकेचं नाव 'कॉट बेसिस' ठरलं.

आता चित्रांचं सांगते. माझं चित्रकलेशी नातं एलिमेंटरी परीक्षेच्या 'क' श्रेणीपुरतं. इंटरमीजिएटला मी बसलंच पाहिजे असं काही नाही, हे चित्रकलेच्या सरांनी फार मायेने सुचवलं होतं. पण स्कॉट मॅकक्लाउड यांनी १९९३ साली कॉमिक्स म्हणजे काय हे सांगणारं एक पुस्तक कॉमिक्सच्याच रूपात काढलं, आणि त्यात माझ्यासारखीला भक्कम आधार आहे. त्यांचं म्हणणं, चेहरा जितका साधा, तितक्या जास्त लोकांना तो आपला वाटतो. दोन ठिपके आणि एक रेघ, झाला माणूस. हे तत्त्व मला लगेच पटलं. मी चौघींना प्रत्येकी दोन ठिपके आणि एक रेघ वाटून टाकली.

"हे कोण वं?" वर्ध्याने पहिला भाग बघून विचारलं.

"तू."

"आन् थे?"

"कोल्हापूर."

"मंग मी कोल्हापूरसारखी काहून दिसून राहिली?"

मी मॅकक्लाउड समजावले. कोल्हापूरने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तुला येत न्हाई, असं म्हण की सरळ," ती म्हणाली. "त्याच्यावर आख्खं पुस्तक कशाला?"

मी रँडल मन्रोचा दाखला दिला. भौतिकशास्त्र शिकलेला माणूस, २००५ पासून नुसती काड्यांची माणसं काढतो, त्यांना नाकडोळेसुद्धा नसतात, आणि जगभर लोक वाचतात.

"तो भौतिकशास्त्रावर विनोद करतो," परभणी म्हणाली. "तू माझ्या वजनावर करायलीस. काड्यांची काढणार असशील तर माझी हरकत नाही."

चेहऱ्यांवरून ओळख पटेना, म्हणून कपड्यांवरून पटवायचं ठरवलं. कोल्हापूरला पिवळा कुर्ता, वर्ध्याला चौकड्यांचा शर्ट, परभणीला लाल ओढणी. यावरही तक्रार. "गावाकडं वाटंल, पोरीला एकच कुर्ता घेऊन दिलाय," कोल्हापूर म्हणाली. मी म्हटलं, आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन १९५१ पासून त्याच चौकड्यांच्या कोटात आणि धोतरात उभा राहिला, त्याला कुणी विचारलं का दुसरा कोट नाही का म्हणून? ती म्हणाली, "त्याचं लग्न झालेलं हुतं."

पण खरी अडचण वेगळी होती. आमच्या खोलीत कपडे ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो पिवळा कुर्ता प्रत्यक्षात सोमवारी वर्ध्याच्या अंगावर असतो, मंगळवारी परभणी तो घालून तोंडी परीक्षेला जाते, बुधवारी मी, आणि कोल्हापूरच्या वाट्याला तो येतो धुवायला. त्यामुळे आमच्या ओळखीच्या मुली मालिका वाचून गोंधळल्या. पिवळ्या कुर्त्यातल्या मुलीने पहिल्या चौकटीत जे केलं त्याबद्दल त्या वर्गात भलत्याच मुलीला हसत होत्या. वर्ध्याने तर कोल्हापूरच्या एका गाजलेल्या उत्तराबद्दल आठवडाभर कौतुक स्वीकारलं आणि चकार शब्द काढला नाही.

हातांचं विचारूच नका. हात हा अवयव देवाने चित्रकारांना छळायला केला असावा. पाच बोटं काढली की सहा होतात, एक पुसावं तर अंगठाच जातो. त्यामुळे माझ्या मालिकेत कुणाचेही हात दिसत नाहीत. ते पाठीमागे असतात, खिशात असतात, रजईखाली असतात, फार झालं तर कपड्यांच्या बादलीत बुडालेले असतात. परिणामी आमच्या खोलीत चारही मुली सतत काहीतरी लपवतायत असं दिसतं. (यात खोटं फारसं नाही.)

एक पात्र मात्र मला बरं जमतं. 'नाशिक' नावाची ती मुलगी सडपातळ आहे, तिचे केस नेहमी विंचरलेले असतात, भांडणात ती नसते आणि शेवटचं शहाणपणाचं वाक्य तिच्या तोंडी असतं. ती काढताना हात कसा भरभर चालतो.

"ही बारीक पोरगी कोण?" कोल्हापूरने विचारलं होतं. "नवीन आलीय व्हय? कॉट कुठली तिची?"

चेहरे आणि हात यांच्याहून अवघड निघाली ती अक्षरं. इंग्रजी कॉमिक्सवाल्यांची चैन असते. सगळी अक्षरं कॅपिटल, सगळी एका उंचीची, ओळीवर ओळ रचली की फुगा भरला. मराठीत वरच्या ओळीचा उकार खाली लोंबतो, खालच्या ओळीची वेलांटी वर उडी घेते आणि मधल्या जागेत दोघांची मारामारी होते. ओळींत अंतर सोडावं तर फुगा इतका वाढतो की खाली माणसाला जागाच उरत नाही. माझ्या पहिल्या काही भागांत पात्रांची फक्त कपाळं दिसतात. परभणी बोलायला लागली की कपाळही दिसत नसे.

त्यात सॉफ्टवेअर फुकटचं. त्याला जोडाक्षर दिसलं की ते फोडून टाकायचं. 'प्रॅक्टिकल'चे चार तुकडे व्हायचे आणि 'विद्यार्थिनी'तला रफार आणि वेलांटी एकमेकांना ओळख दाखवत नसत. यावर मी तोडगा काढला की पात्रांनी जोडाक्षरं बोलूच नयेत. हे वाटतं तितकं सोपं नाही. भांडण पेटलं तरी कुणाला 'मूर्ख' म्हणता येईना, 'गाढव' म्हणावं लागे. त्याहून मोठा घोटाळा नावांचा. 'वर्धा'त रफार, 'कोल्हापूर'मध्ये ल्ह. दोघींना हाकच मारता येईना. त्या काळातले भाग काढून बघा, परभणी आणि नाशिक एकमेकींशी बोलतायत आणि मागे दोन मुली मुकाट्याने कपडे घड्या करतायत.

"आमचं काय मौन चाललंय का?" कोल्हापूर म्हणाली.

"तुझ्या नावात जोडाक्षर आहे."

"माझ्या नावात अंबाबाई हाय. नीट लिही."

मग अक्षरं हाताने लिहायला लागले. कागदावर काढायचं, ट्यूबलाइटखाली मोबाइलने फोटो घ्यायचा, आणि दर फोटोत मधोमध माझ्या डोक्याची सावली. ती सावली काही भागांत तशीच गेली. एका वाचकाने तिला 'एकाकीपणाचं प्रतीक' म्हटलं, तेव्हा मी नम्रपणे गप्प बसले.

हाताने लिहायला लागल्यावर जशी बोलतात तशी वाक्यं घालता आली, आणि तिथून दुसरं सुरू झालं. आमची कोल्हापूर "मी आलो, मी जातो, मी जेवलो" असं बोलते. त्या भागातल्या बायका बोलतातच. आम्हाला त्याची सवय झाली, पुण्यातल्या एका शुद्धलेखनप्रेमी काकांना होईना. ते दर भागानंतर न चुकता दुरुस्ती पाठवायचे. तिसऱ्या चौकटीत 'गेलो' ऐवजी 'गेले' हवे, कळावे. कोल्हापूरला मी ते दाखवलं.

"त्यास्नी सांग," ती म्हणाली, "मी गेलतो आणि जेवून परत आलो बी."

आवाजांच्या बाबतीत मात्र मराठी कुणाला ऐकणार नाही. धाडकन, धप्प, खळ्ळ, चर्र, सूं, फस्स. आमच्याकडे प्रेशर कुकर नाही (मालकीणबाईंचा नियम क्रमांक सात), पण असता तर त्याच्या प्रत्येक शिट्टीला वेगळा शब्द मिळाला असता. वाद झाला तो परभणीच्या घोरण्यावरून. 'घर्र' लिहायचं की 'खुर्र', यावर वर्धा आणि कोल्हापूर यांच्यात मतभेद होते. परभणीचं म्हणणं, मुळात ती घोरतच नाही.

वर्ध्याने रात्री रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला.

"हा आवाज माझाच कशावरून?" परभणीने विचारलं. "साक्षीदार कोण? तिघी तर झोपल्या होत्या म्हणायल्या."

कायद्याच्या विद्यार्थिनीबरोबर राहायचं म्हणजे हे चालायचंच. अखेर तडजोड अशी झाली की 'घर्र' ठेवायचं, पण फुग्याचं टोक वर वळवायचं. तेव्हापासून आमच्या मालिकेत पंखा घोरतो.

एवढं सगळं जमवल्यावर खरा प्रश्न उरतो तो चौथ्या चौकटीचा. तीन चौकटी रोजचं जगणं बिनतक्रार पुरवतं. चौथी, जिच्यात हसू यायला हवं, ती पुरवत नाही. एकदा असं झालं : पहिल्या चौकटीत वर्धा मॅगीचं रिकामं पाकीट धरून उभी, "मायी मॅगी कोणं खाल्ली?" दुसऱ्या चौकटीत कोल्हापूर, "मी न्हाई." तिसऱ्या चौकटीत परभणी, तोंड भरलेलं, नजर खिडकीबाहेर. मी श्वास रोखून चौथीची वाट बघत होते. तर वर्धा म्हणाली, "जाऊ दे, मलेही दे थोडी," आणि दोघी एका ताटात खायला बसल्या. माणुसकीच्या दृष्टीने हे ठीकच झालं, पण मी तिसऱ्या चौकटीपर्यंतचा कागद शाईने पक्का करून बसले होते.

चार्ल्स शुल्झ यांनी १९५० ते २००० अशी जवळजवळ पन्नास वर्षं 'पीनट्स' काढली. १७,८९७ भाग, आणि मदतनीस एकही नाही. त्यांनी एवढ्या शेवटच्या चौकटी कुठून आणल्या हे मला समजत नाही. आपल्याकडे 'चिंटू' १९९१ पासून 'सकाळ'मध्ये रोज यायचा, पण तो चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर असे दोघं मिळून करायचे. मी खोलीला म्हटलं, बघा, दोघं होते. निदान शेवटची चौकट सुचवायला तरी कुणी मदत करा.

"आम्ही रोज जगून दाखवतो की," कोल्हापूर म्हणाली. "आणि काय करायचं?"

मग मी परिस्थितीला जरा हातभार लावायचं ठरवलं. बाथरूममधली बादली उचलली आणि माझ्या कॉटखाली, बॅगेच्या मागे सरकवून ठेवली. सकाळी साडेसहाला बादली नाही म्हणजे तीन मुली, एक नळ, पाण्याची वेळ ठरलेली. कमीत कमी दोन भाग सुटणार होते. मी पांघरुणातून एक डोळा उघडा ठेवून पडून राहिले.

कुणीही भांडलं नाही. तिघी मिळून शोधायला लागल्या. एकमेकींना "तू जा आधी, तुझं लेक्चर आहे" म्हणाल्या. वर्धा आणि परभणी गॅलरीत जाऊन आल्या, कोल्हापूर शेजारच्या खोलीतून एक मग घेऊन आली. इतका जिव्हाळा मी या खोलीत आधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिलेला नाही. संध्याकाळी वर्धा तुळशीबागेतून नवी बादली घेऊन आली आणि खर्चाच्या वहीत चौघींच्या नावावर टाकली. जुनी बादली कॉटखालीच राहिली, कारण ती आता कुठल्या तोंडाने बाहेर काढायची?

मॅकक्लाउड यांच्याच पुस्तकात दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीचं मोठं माहात्म्य सांगितलंय. एका चौकटीत एक दिसतं, पुढच्यात दुसरं दिसतं, आणि मधे काय झालं ते वाचकाच्या डोक्यात घडतं. हे सगळं मला आईने पाठवलेल्या चिवड्याच्या डब्यामुळे उमगलं. पहिली चौकट : शनिवारी संध्याकाळी डबा गळ्यापर्यंत भरलेला. दुसरी चौकट : सोमवारी सकाळी तळाशी मीठ, तिखटाची पूड आणि एक कढीपत्त्याचं पान. मधल्या पट्टीत मी मावशीकडे कोथरूडला गेले होते.

तिसरी चौकट चौकशीची.

"मी फक्त दाणे वेचले," वर्धा म्हणाली.

"मी खोबऱ्याचे काप तेवढे उचललो," कोल्हापूर म्हणाली.

"डाळं आणि पोहे खराब होतील म्हणून मी बघितले," परभणी म्हणाली. "त्याला खाणं म्हणत नाहीत."

म्हणजे चिवडा कुणीच खाल्ला नव्हता. त्याचे घटक संपले होते. हे मी चौथ्या चौकटीत जसंच्या तसं लिहिलं, आणि आजवरचा आमचा सगळ्यात गाजलेला भाग तोच.

पण गाजण्याचे परिणाम असतात. भाग घरोघरच्या ग्रुपांवर फिरायला लागले आणि आयांपर्यंत पोचले. आई लोक विनोदाला हसत नाहीत, त्या मागची खोली बघतात. परभणीच्या आईने रात्री दोनला दिवा कसा चालू दिसतो हे विचारलं. वर्ध्याच्या आईने चित्रातल्या पावसात वाळत घातलेल्या गादीवरून फोन केला. माझी आई म्हणाली, "छान आहे हो. त्या मागच्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग कुणाचा?"

"चित्रातला आहे, आई."

"चित्रात माझी निळी चादर आहे."

शेवटी तिने अभ्यासाचं काढलंच. मी होर्हे चामचं नाव सांगितलं. तो १९९७ साली स्टॅनफर्डला शिकत असताना पीएचडीवाल्यांच्या हालांवर चित्रमालिका काढायला लागला, आणि ती काढता काढता त्याने पीएचडी पूर्णही केली. आई म्हणाली, "त्याची पीएचडी होती. तुझं कॉस्टिंग राहिलंय."

आयांच्या या मोहिमेनंतर तिघींनी बैठक घेतली आणि परभणीने करारनामा लिहून काढला. त्याप्रमाणे कुणाचंही वजन, कुणाचेही मार्क आणि लायब्ररीतला तो निळ्या बॅगवाला मुलगा ही चित्रातून कायमची बाद. प्रत्येकीला स्वतःच्या चित्रावर हरकत घेता येईल, दुसरीच्या चित्रावर नाही. हे शेवटचं कलम तिघींनी एकमताने आणि आनंदाने मंजूर केलं, कारण दुसरीबद्दलचं सत्य जगापुढे आलंच पाहिजे याबद्दल आमच्या खोलीत कधीही दुमत नव्हतं. मालिकेत परभणी झोपाळू आहे हे अगदी खरं, असं कोल्हापूर आणि वर्धा म्हणतात. कोल्हापूर भांडखोर आहे हे शंभर टक्के खरं, असं परभणी आणि वर्धा म्हणतात. वर्धा चिकट आहे यावर तर दोघींची सही आहे. स्वतःच्या चित्राबद्दल मात्र तिघींचं म्हणणं एकच, हे जरा अतिरंजित वाटतं.

हरकती वजा जाता महिनाअखेर माझ्या हातात पंखा, ट्यूबलाइट आणि भिंतीवरची पाल उरली. म्हणून पालीचे भाग सुरू केले. पाल ट्यूबजवळ बसते आणि खाली चाललेल्या कारभाराकडे बघते, एवढंच. शि. द. फडणीस एक शब्द न लिहिता हसवतात, तर आपणही गप्प पाल काढून बघावी असा माझा विचार. पाल वाचकांना आमच्या चौघींपेक्षा जास्त आवडली. तिने आजवर एकही हरकत घेतलेली नाही, आणि तिला हात काढावे लागले तरी बोटं कुणी मोजत नाही.

मालकीणबाईंना मालिका कुणी दाखवली हे कळलेलं नाही. कोल्हापूरचा संशय वर्ध्यावर, वर्ध्याचा परभणीवर, परभणीचा पुराव्याअभावी राखून ठेवलेला. एका संध्याकाळी त्या वर आल्या, खोलीतली एकुलती एक खुर्ची कपड्यांसकट पुढे ओढली, कपडे माझ्या कॉटवर ठेवले, चष्मा लावला आणि मोबाइलवर पहिल्या भागापासून वाचायला लागल्या. आम्ही चौघी हात मागे बांधून ओळीने उभ्या होतो. या मालिकेतलं इतकं हुबेहूब चित्र मी पुन्हा पाहिलेलं नाही.

मालिकेत त्या प्रत्यक्ष दिसत नाहीत. दारात मोठी सावली पडते आणि किल्ल्यांचा 'छण्ण' असा आवाज होतो.

"ही मी का?"

"नाही काकू, ती काल्पनिक आहे."

"काल्पनिक बाईच्या हातात किल्ल्या माझ्या कशा?"

कुणी बोललं नाही. त्या वाचत राहिल्या. एकदाही हसल्या नाहीत. मधे एकदा म्हणाल्या, "गीझरचं बटण उजवीकडे आहे, तू डावीकडे काढलंयस." मग म्हणाल्या, "भाडं पाचशेने कमी लिहिलंयस. उद्या कुणी हे वाचून जागा बघायला आलं तर घासाघीस करेल." मी लगेच दुरुस्त करते म्हणाले. शेवटी एका भागाशी त्या थांबल्या. त्यात वर्धा नळ उघडा ठेवून फोन घ्यायला जाते, मग पाणी खोलीत येतं, मग दारात सावली पडते. चौथ्या चौकटीत पाल छत्री घेऊन बसलेली. त्या पालीच्या छत्रीसाठी मी दोन रात्री घालवल्या होत्या.

"हे मोठ्या कागदावर काढून दे," मालकीणबाई म्हणाल्या. "जिन्यात लावते. पाटी लावून लावून दमले, कुणी वाचत नाही. पहिल्या तीन चौकटीच दे. चौथी नको, तिच्यात उगाच विनोद आहे."

"काकू, पण चौथीशिवाय..."

"तिथे मी खाली लिहीन, नळ बंद करावा. पुढच्या भाड्यातून शंभर रुपये कापून घे."

मालिकेची ही पहिली कमाई. खोलीत एकदम चैतन्य आलं. माझ्या नळाची गोष्ट आहे, माझ्याशिवाय ते चित्रच झालं नसतं, असं वर्धा म्हणाली. परभणीने शंभर भागिले चार हे गणित तोंडी केलं. मालकीणबाई म्हणाल्या, कागद आहे का? होता. कॉलेजच्या प्रोजेक्टचा मोठा कार्डशीट माझ्या कॉटखाली, बॅगेच्या मागे होता. मी वाकून तो ओढला, आणि त्याच्याबरोबर गडगडत जुनी बादली बाहेर आली.

ती थेट मालकीणबाईंच्या पायाशी जाऊन थांबली. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाथरूमच्या दारातल्या नव्या बादलीकडे.

"दोन बादल्या?" त्या म्हणाल्या. "नियमात एक आहे. जादा बादलीचे महिना पन्नास."

त्या गेल्यावर परभणीने वही काढली. शंभरातून पन्नास वजा, उरले पन्नास. त्यातून तुळशीबागेतल्या नव्या बादलीचे, जी घ्यायचं काही कारणच नव्हतं, असं आता उघड झालेलं असल्यामुळे, तिघींचे पैसे वजा. माझ्याकडे बाकी निघाली.

"आणि माझ्या चिवड्याचे?" मी विचारलं.

"चिवडा कुणीच खाल्ला नव्हता," परभणी वही मिटत म्हणाली. "तूच लिहिलंयस."